किरणांनी विणलेली पट्टी

भाजलेल्या रुग्णाला दिवसातली सर्वांत अवघड वेळ कोणती असे विचारले, तर तो बहुधा पट्टी बदलण्याची वेळ सांगेल. सुती गॉज जखमेतून पाझरणारा द्रव शोषून घेतो. तो द्रव वाळतो, आणि वाळताना गॉजचे धागे व नव्याने धरू लागलेली कोवळी त्वचा यांना एकमेकांत चिकटवून टाकतो. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने कितीही हलक्या हाताने पट्टी उचलली, तरी तिच्याबरोबर आदल्या रात्री शरीराने कष्टाने धरलेली पेशींची पातळ साय निघून येते. पुन्हा रक्त येते, पुन्हा आग होते आणि भरून येण्याचे काम पुष्कळसे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

या व्यथेचे आपल्या देशातील प्रमाण किती? भाजण्याच्या दुखापतींसाठी केंद्र शासनाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याच्या कागदपत्रांत वर्षाला सुमारे ७० लाख दुखापती आणि १ लाख ४० हजार मृत्यू असा अंदाज दिलेला आहे. हा अंदाज मुख्यतः दिल्लीतील तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या माहितीवरून साऱ्या देशासाठी वाढवून काढला आहे. तीन रुग्णालयांवरून देश मोजणे कितपत योग्य, असा प्रश्न आकड्यांत वावरणाऱ्या माझ्यासारख्या शासकीय माणसाच्या मनात येतोच. परंतु अंदाज निम्म्याने चुकला आहे असे धरले, तरी उरणारी संख्या काही लहान नाही. आणि या रुग्णांत चुलीपाशी, स्टोव्हपाशी वावरणाऱ्या स्त्रिया आणि मुले फार मोठ्या प्रमाणात असतात.

आज ज्या पट्टीविषयी मला बोलावयाचे आहे, ती दिसायला जाडसर, पारदर्शक जेलीच्या वडीसारखी असते. तिच्यात वजनाने जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असते. ती जखमेला चिकटत नाही, तिच्यातून जखम दिसते आणि ठेवताच गार वाटते. ही पट्टी गॅमा किरणांच्या माऱ्यात तयार होते. शास्त्रज्ञ तिला हायड्रोजेल म्हणतात. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. तरीही या पट्टीची रीत समजून घेताना मला जो आनंद झाला, तो आपल्यापर्यंत पोहोचवावा एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम पाण्याविषयी. जखम कोरडी ठेवावी, तिला हवा लागू द्यावी, खपली धरली की बरे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे, आणि वैद्यकातही ती दीर्घकाळ मान्य होती. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर लहान लहान जखमा करून काही उघड्या ठेवल्या व काही पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याखाली झाकल्या. झाकलेल्या, म्हणजेच ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. कारण मोठे सरळ आहे. नव्या पेशी जखमेच्या कडांवरून सरकत सरकत आत येतात; कोरड्या खपलीखाली त्यांना वाट खणीत जावे लागते, तर ओलसर पृष्ठावर त्या सहज सरकतात.

हे तत्त्व आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी फार अल्प खर्चात वापरून दाखविले आहे. वाडिया बालरुग्णालयाचे डॉ. केसवानी व त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्यांच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. साली गॉजवर एकीला एक लावून बसवायच्या, गुंडाळी करून वाफेने निर्जंतुक करायची आणि जखमेवर ठेवायची. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व डॉ. अकोलेकर यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली आणि २००३ साली आपले निष्कर्ष मांडले. पान बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी ठरले, शिवाय स्वस्तही पडले. ज्या पानावर आपण जेवतो तेच पान भाजलेल्या माणसाची पट्टी उचलताना होणाऱ्या यातना वाचवते, ही गोष्ट मला कोणत्याही मोठ्या यंत्राइतकीच आदरणीय वाटते. अडचण एवढीच, की साली काय किंवा पाने काय, ती रुग्णालयात कोणीतरी बसून तयार करावी लागतात, निर्जंतुक करावी लागतात, आणि त्यांचा मोठा साठा करून दूरच्या तालुक्याला पाठविता येत नाही. तयार, टिकाऊ, बंद पाकिटातील ओलसर पट्टी हवी असेल तर दुसरा मार्ग शोधावा लागतो. तो मार्ग जेलचा.

जेल म्हणजे काय हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. उन्हाळ्यात फालुद्यात घालतात तो सब्जा पाण्यात टाकून पाहावा. घटकाभरात प्रत्येक काळ्या बीभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. हे पाणीच असते, पण ते वाहून जात नाही. बीच्या सालीतील लांबलचक साखळीरेणूंनी ते धरून ठेवलेले असते. अशा साखळीरेणूंना शास्त्रीय परिभाषेत बहुवारिके म्हणतात. पाण्याची आवड असणाऱ्या साखळ्या नुसत्या पाण्यात सोडल्या, तर त्या विरघळून घट्टसर द्रावण होते, डिंकाच्या पाण्यासारखे. पण त्याच साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना गाठींनी बांधल्या, तर एक अखंड जाळे तयार होते. मग त्या विरघळू शकत नाहीत, नुसत्या फुगतात, आणि आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पोटात धरून बसतात. तेव्हा सारा प्रश्न गाठी कशा मारायच्या हा आहे.

या जातीच्या पदार्थांचा वैद्यकीय उपयोग प्रथम जगापुढे आणला तो चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी, १९६० साली. विख्तर्ले यांनी पुढच्याच वर्षी नाताळच्या सुटीत मुलाच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या व चाके जोडून एक यंत्र उभे केले आणि त्यावर डोळ्यांत घालायची मऊ भिंगे ओतली. आज कोट्यवधी लोक डोळ्यांत जी मऊ भिंगे घालतात, त्यांचा उगम त्या खेळण्यात आहे. त्या जेलमधील गाठी रासायनिक द्रव्यांनी मारलेल्या होत्या.

आपल्या पट्टीसाठी वापरली जाणारी साखळी बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असते. सुतार वापरतात त्या पांढऱ्या डिंकातले मुख्य द्रव्य पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. त्यावर प्रक्रिया करून हे बहुवारिक मिळते. गरम पाण्यात ते विरघळते आणि शरीराला अपाय करीत नाही. त्याच्या गाठी ग्लुटाराल्डिहाइडसारख्या द्रव्याने मारता येतात. परंतु ते द्रव्य विषारी आहे. गाठी मारून झाल्यावर जेलमध्ये उरलेला त्याचा अंश धुऊन धुऊन काढावा लागतो, आणि तो पुरता निघाला की नाही हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. उघड्या जखमेवर ठेवायच्या वस्तूच्या बाबतीत ही धास्ती लहान नाही. आणि एवढे करून झाल्यावर ती पट्टी निर्जंतुक करणे बाकी राहतेच.

येथे गॅमा किरणांचा प्रवेश होतो. किरणांनी बहुवारिकांत गाठी पडतात हे आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ साली इंग्लंडमध्ये पॉलिथीनवर दाखवून दिले होते. पाण्यात विरघळलेल्या साखळ्यांच्या बाबतीत मात्र प्रकार थोडा वेगळा आणि अधिक रम्य आहे. द्रावणात नव्वद भाग पाणी असेल, तर किरणाची ऊर्जा साहजिकच मुख्यतः पाण्यालाच मिळते, आणि पाणी फुटते. त्यातून काही इलेक्ट्रॉन सुटतात, काही सुटे हायड्रोजन अणू होतात आणि हायड्रोजनाचा एक अणू गमावलेला एक अर्धवट तुकडा उरतो. त्याला हायड्रॉक्सिल मूलक म्हणतात. हा तुकडा कमालीचा हावरा असतो. सेकंदाच्या एका अतिसूक्ष्म भागात तो जवळच्या साखळीवरील एक हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः पुन्हा पाणी होऊन मोकळा होतो. ज्या साखळीचा हायड्रोजन गेला, तिच्या त्या जागी एक रिकामा हात राहतो. शेजारच्या साखळीवर असाच एक रिकामा हात असला, की दोघी एकमेकींचा हात धरतात. ही झाली गाठ, कार्बनाची कार्बनाशी पक्की बांधलेली. अशा असंख्य गाठींनी द्रावणाचे जाळे होते. गाठी मारणारे द्रव्य म्हणून बाहेरून काहीच घातलेले नसते. जे काम केले ते पाण्याने केले. मागे उरतो तो थोडासा हायड्रोजन वायू. धुऊन काढण्याजोगे विषारी असे काही राहत नाही.

व्यवहारात कृती अशी असते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि थोडे अगार पाण्यात गरम करून विरघळवितात. अगार म्हणजे आपल्या घरी पुडिंगात किंवा जेलीत घालतात ते चायना ग्रास, समुद्री शेवाळातून काढलेले. हे मिश्रण साच्यात ओतले की थंड होताना अगारामुळे वडीसारखे बसते, म्हणजे किरणांसमोर नेईपर्यंत त्याचा आकार टिकतो. मग ती वडी प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करून किरणांसमोर ठेवतात. येथे एक गंमत आहे. जो किरण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या साखळ्या गुंफतो, तोच अगाराच्या साखळ्या तोडतो. वनस्पतिज शर्करांच्या साखळ्यांचा स्वभावच असा, की किरणांपुढे त्या तुटतात. म्हणून अगार कमी घातले तर वडी बसत नाही, आणि प्रमाण जमले नाही तर तयार झालेल्या जेलच्या ताकदीत उणेपणा येतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील लळित वार्ष्णेय यांनी अगार, कॅरागीनन अशा नैसर्गिक द्रव्यांच्या या दुहेरी वागण्याचा अभ्यास करून तो २००७ साली प्रसिद्ध केला. किरणांच्या मात्रेचेही तसेच. ती थोडी पडली तर जाळे सैल राहून जेल पाघळते. फार झाली तर गाठी दाट होऊन जेल कडक व ठिसूळ होते आणि पाणी कमी धरते. स्वयंपाकघरात पाकाची तार जशी पाहावी लागते, तसे हे काम.

या पद्धतीचे खरे मर्म मात्र अजून सांगावयाचे आहे. वैद्यकीय वस्तू किरणांनी निर्जंतुक करण्यासाठी जगभर जी मात्रा प्रमाण मानली जाते ती २५ किलोग्रे, म्हणजे प्रत्येक किलोग्रॅम पदार्थाला २५ हजार ज्यूल ऊर्जा. आणि जेल नीट विणून निघण्यासाठीही साधारण तेवढीच मात्रा पुरते. म्हणजे बंद पाकीट एकदाच किरणांसमोर जाते आणि त्या एकाच फेरीत आतले द्रावण जाळे होते व आतले जंतू मरतात. जंतू मरतात तेही बव्हंशी त्याच पाण्यामुळे. त्यांच्या पेशीतील पाणी फुटते आणि तो हावरा तुकडा त्यांच्या जननद्रव्याचे धागे तोडतो. पाकीट उघडले जाते ते थेट रुग्णाच्या खाटेपाशी. पोलंडमधील लोझ येथील यानुश रोसियाक यांनी ही एकाच फेरीची युक्ती सिद्ध केली, आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथे अशा पट्ट्या बाजारात आल्या. त्यानंतर आपल्याकडे भाभा केंद्राने आपली पद्धत बसवून ती खाजगी उद्योगांच्या हवाली केली.

२५ हजार ज्यूल ऐकून पदार्थ उकळत असेल असे वाटते. हिशेब केला तर एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान जेमतेम सहा अंशांनी वाढते. यामुळेच प्लॅस्टिकच्या सुया, सलाइनच्या नळ्या अशा उष्णतेने वितळणाऱ्या वस्तूही किरणांनी निर्जंतुक करता येतात. तुर्भे येथे १९७४ साली सुरू झालेला आयसोमेड हा कारखाना आपल्या देशातील या कामाचा आद्य प्रकल्प. राजधानीतही श्रीराम औद्योगिक संशोधन संस्थेत असे गॅमा केंद्र उभे राहिले. लासलगावला कांद्यासाठी उभारलेल्या आणि २००७पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांमुळे प्रसिद्धीस आलेल्या केंद्राची जातकुळी तीच, मात्रा तेवढी फार निराळी. आंब्यासाठी ४०० ग्रे पुरतात. पट्टीला २५ हजार लागतात.

किरणांचा उगम कोबाल्ट-६० हा आहे. खाणीतून येणारा कोबाल्ट निरुपद्रवी असतो. त्याच्या कांड्या राजस्थानात रावतभाटा येथील वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांत ठेवल्या, की न्यूट्रॉन शोषून त्याचे हे किरणोत्सर्गी रूप तयार होते, आणि तेथेच तो पोलादी नळ्यांत बंद केला जातो. कारखान्यात त्या नळ्या खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेल्या असतात. काम असेल तेव्हा दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींआड त्या वर उचलतात व काम संपताच पुन्हा पाण्यात सोडतात. विजेचा दिवा मालवावा तसा कोबाल्ट मालविता येत नाही. सव्वापाच वर्षांत त्याची तीव्रता निम्मी होते. तोवर तो दिवसरात्र जळतच असतो, आणि त्यामुळे तेच काम करावयास दरसाल थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

इतके सांगितल्यावर एक शंका हटकून येते. जखमेवर ठेवलेली ही पट्टी स्वतः किरण सोडणार नाही ना? सोडणार नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा रेणूंचे बंध तोडण्याइतकी आहे. कार्बन, हायड्रोजन वा ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्राला धक्का लावण्याइतकी नाही. दिव्याच्या उजेडात ठेवलेली वस्तू दिवा नेल्यावर उजेड देत नाही, तसेच हे आहे.

पण या शंकेमागची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. निदान दिल्लीत राहणाऱ्याला तरी ती नेता यायची नाही. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील एक जुने, कित्येक वर्षे वापरात नसलेले गॅमा उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. आत कोबाल्ट-६० होता. तेथे ते तोडले गेले. एप्रिलमध्ये त्या दुकानांतील माणसे आजारी पडू लागली. कातडी काळवंडली, केस गेले. एक कामगार मरण पावला. तज्ज्ञांनी येऊन विखुरलेले तुकडे शोधून शिशाच्या पेट्यांत भरले आणि ते नरोऱ्याच्या अणुऊर्जा केंद्रात नेले. त्या माणसांच्या शरीरात झाले ते पाकिटातील द्रावणात होते तेच. पाणी फुटले, आणि त्या पाण्यात जे होते त्यावर ते तुटून पडले. उपचार न मिळाल्यास साऱ्या शरीराला बसलेली चार-पाच ग्रे मात्रा निम्म्या माणसांना मारण्यास पुरे असते. उष्णतेच्या भाषेत ती गरम चहाच्या एखाद्या घोटाएवढीही भरत नाही, आणि म्हणूनच हात लावणाऱ्याला काही कळत नाही. मायापुरीत शास्त्र चुकले नव्हते. नोंदवही चुकली होती: कोणती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, तिच्या पोटात काय आहे आणि ती निकालात काढण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढ्या तीन रकान्यांचा हा प्रश्न होता. माझ्या पेशातील माणसांनी तो पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे.

पट्टीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्वचेची पूर्ण जाडी जळून गेली असेल तर दुसरीकडची त्वचा आणून लावण्याला पर्याय नाही. तेथे जेल पुरे पडत नाही. फार पाझरणाऱ्या जखमेवर ते लवकर तुडुंब भरते. उघडे राहिले तर वाळते, ओढले तर फाटते, म्हणून वरून बांधणे आवश्यक असते. जंतूंना बाहेरून आत येऊ न देणे हे त्याला साधते. पण आधीच आत शिरलेल्या जंतूंचे काय? त्यावर जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१२ साली एक सुरेख उत्तर मांडले. द्रावणात चांदीचा क्षार मिसळायचा. पाणी फुटताना सुटणारे इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांना मिळून तिचे अतिसूक्ष्म कण जेलच्या जाळ्यातच तयार होतात, आणि चांदी जंतुनाशक आहे. म्हणजे मूलकांनी जाळे विणले आणि इलेक्ट्रॉनांनी त्यात चांदीची टिकली बसविली. फुटलेल्या पाण्याचा कोणताच भाग वाया गेला नाही. दिल्लीच्या आयआयटीत वस्त्रतंत्र विभागातील भुवनेश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमा शिवण्याच्या पॉलिप्रोपिलीनच्या धाग्यांवर गॅमा किरणांनी दुसऱ्या बहुवारिकाचे कलम करून त्यांना जंतुरोधक गुण देण्याचे काम केले आहे. तेही याच घराण्यातले.

राहिला प्रश्न मोलाचा. जेलच्या एका तुकड्याची किंमत गॉजच्या तुकड्याहून अधिक असते, यात नवल नाही. सरकारी खरेदीची नस्ती माझ्यासमोर येते तेव्हा तीत दर प्रति नग असा रकाना असतो, आणि त्या रकान्यात गॉज प्रत्येक वेळी जिंकणार. गॉज किती वेळा बदलावा लागला, दर वेळी परिचारिकेची किती मिनिटे गेली, वेदनाशामक किती लागले, रुग्णाने खाट किती दिवस अडवली, हे त्या नस्तीत कोठेच येत नाही. ते दुसऱ्या विभागाच्या, दुसऱ्या लेखाशीर्षाखालच्या नस्त्यांत विखुरलेले असते. मोठ्या शहरांतील रुग्णालये हा सारा हिशेब एकत्र मांडू शकतात. जिल्हा आणि तालुका रुग्णालयांसाठी तो कोणीतरी मांडून द्यावा लागेल, आणि तो मांडताना एका बाजूला जेल, दुसऱ्या बाजूला गॉज, आणि तिसऱ्या बाजूला शीवच्या रुग्णालयातले ते केळीचे पानही ठेवावे. जेथे केळी दारात आहेत, पाने वाफवायला माणूस आहे आणि निर्जंतुकीकरणाचे यंत्र चालू आहे, तेथे पानच परवडेल. जेथे यांपैकी काहीच नाही, आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पोहोचायला रुग्णवाहिकेत चार तास काढायचे आहेत, तेथे ते बंद पाकीट कपाटात असले पाहिजे.